फ्रेडरिक डग्लस, १५० पौंड आणि अण्णांचा आक्षेप

उंबरठा
मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने रोज रात्री जेवणं आटोपली की मी अण्णांना वाचून दाखवते. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८१, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. काचबिंदूने दृष्टी गेली, बाकी सगळं शाबूत आहे, विशेषतः वाद घालायची हौस. सध्या फ्रेडरिक डग्लसचं, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामीतून पळून गुलामगिरीविरुद्ध बोलत फिरलेल्या वक्त्याचं, आत्मचरित्र चालू आहे, १८५५ सालचं, म्हणजे त्याचं दुसरं. पुस्तक इंग्रजी. मी एकेक वाक्य मनात वाचते आणि मराठीत सांगते, त्यामुळे दिवसाला पाच-सहा पानांपुढे गाडी सरकत नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. मेरीलँडच्या मळ्यावर पोरांपुढे लाकडी कुंडीत मक्याची लापशी ओतायचे आणि पोरं ती शिंपल्यांनी ओरपायची, हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प बसले होते. सोळाव्या वर्षी त्याला 'वठणीवर' आणायला कोव्ही नावाच्या माणसाकडे वर्षभर ठेवला, आणि एका सकाळी त्याने कोव्हीशी दोन तास झुंज घेतली, तो भाग तर दोनदा वाचायला लावला.

आणि मग आलं १८४६. डग्लस इंग्लंडमध्ये व्याख्यानं देत फिरतोय. कायद्याने तो अजून पळालेला गुलामच, परत गेला तर केव्हाही पकडला जाईल. न्यूकॅसलच्या एलेन रिचर्डसन आणि त्यांच्या भावजय ॲना रिचर्डसन या क्वेकर पंथाच्या बायकांनी वर्गणी काढली, मालकाला १५० पौंड पोचते केले आणि डग्लस स्वतंत्र झाला.

अण्णा म्हणाले, "पुस्तक मीट."

त्यांचं म्हणणं असं: "माणूस ही विकायची वस्तू नाही, असं हा पाच वर्षं गावोगाव सांगत हिंडला, आणि शेवटी स्वतःचीच पावती खिशात घालून घरी निघाला? बरं, त्याच वर्षी स्कॉटलंडात काय गर्जत होता? फ्री चर्चने अमेरिकेतल्या गुलाममालकांकडून ३,००० पौंड देणगी घेतली, ती परत करा! मालकाकडून पैसे घेतले तर पाप, आणि मालकाला दिले तर पुण्य?"

मी म्हटलं, अहो, बायको आणि लेकरं तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये, लिन गावात होती. बायको जोडे शिवायच्या कामावर घर चालवत होती. अण्णा म्हणाले, "ते कारण झालं. उत्तर नाही झालं."

दोन दिवस वाचन बंद आहे. तेव्हा विचारते: त्या वेळी कोणी हा आक्षेप घेतला होता का? आणि डग्लसने काय उत्तर दिलं? व्हिडिओ वगैरे सुचवू नका, अण्णांना वाचून दाखवता येईल असं लिहा.

खारवा
बुधवार, सकाळी ७:३५

अण्णांना माझा नमस्कार सांगा. ते एकटे नाहीत.

हेन्री राइट हा डग्लसचाच सहकारी, गुलामगिरीविरोधी चळवळीतला कडवा माणूस. त्याने डिसेंबर १८४६ मध्ये डग्लसला पत्रच लिहिलं, की तो कागद घेऊ नकोस. मुद्दा थोडक्यात असा: तुझं भांडण एका ऑल्डशी, म्हणजे तुझ्या मालकाशी, नाही, सबंध अमेरिकी प्रजासत्ताकाशी आहे. आज तू तीस लाख गुलामांपैकी एक म्हणून जगापुढे उभा आहेस आणि तीच तुझी ताकद आहे. कागद हातात आला की तू नुसता सुटलेला माणूस होशील.

मला स्वतःला हे पटतं. चळवळीतला माणूस आपल्यापुरता तोडगा काढून बाजूला झाला की मागच्यांचं बळ कमी होतंच. ज्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये वर्गणी निघणार नव्हती त्यांनी काय करायचं?

जुना_कारकून
बुधवार, दुपारी ३:२०

ताई, माझी ३२ वर्षं दस्तनोंदणीत गेली. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड. सवय अशी लागली आहे की गोष्ट मी नंतर वाचतो, आधी कागद काढा म्हणतो. या प्रकरणात कागद दोन आहेत, आणि ते दोन्ही डग्लस यांनी तुम्ही वाचताय त्याच पुस्तकात छापले आहेत. तळटीप म्हणून तुम्ही ओलांडलं असेल, तळटीपा मोठ्याने कोण वाचतं! पण अण्णांना आज एवढंच वाचून दाखवा.

पहिला कागद १३ नोव्हेंबर १८४६ चा. लिहून देणार थॉमस ऑल्ड, टॅलबट काउंटी. लिहून घेणार त्याचाच भाऊ ह्यू ऑल्ड, बाल्टिमोर. मोबदला १०० डॉलर. आता मालमत्तेचं वर्णन बघा: एक काळा पुरुष, नाव फ्रेडरिक बेली, 'किंवा डग्लस, असे तो स्वतःस म्हणवतो', वय सुमारे २८, आणि तो घेणाऱ्याने आयुष्यभर बाळगावा.

आमच्या कचेरीत असा दस्त आला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, की ताबा कुठे आहे? विकलेला माल समुद्रापलीकडे भरगच्च सभागृहांत व्याख्यानं देतोय. ना विकणाऱ्याच्या हातात, ना घेणाऱ्याच्या. तरी भावाभावात व्यवहार होतो, साक्षीदाराची सही पडते.

आणि ते 'असे तो स्वतःस म्हणवतो' माझ्या डोक्यातून जात नाही. डग्लस हे आडनाव त्यांनी पळून आल्यावर न्यू बेडफर्डला घेतलं. पकडले जाऊ नये म्हणून बेली टाकलं, आणि ज्यांच्या घरी आसरा मिळाला त्या नेथन जॉन्सन यांनी वॉल्टर स्कॉटच्या काव्यातलं हे नाव सुचवलं. म्हणजे मालकाला चुकवण्यासाठी घेतलेलं नाव मालकालाच आपल्या दस्तात लिहावं लागलं. तुच्छतेने लिहिलं असेल, पण लिहावं लागलं.

दुसरा कागद ५ डिसेंबरचा. ह्यू ऑल्ड मुक्त करतो. इथे मोबदला म्हणून काय आहे? 'निरनिराळ्या सत्कारणांस्तव'. बस. दीडशे पौंडांचा, म्हणजे त्यांच्या सातशे अकरा डॉलरांचा, अक्षरभर उल्लेख नाही! शंभराला घेतलेला माणूस तीन आठवड्यांत सातशेवर सोडला आणि कागदावर दानशूर झाला. असे दस्त मी ओळखतो. खाली आणखी एक वाक्य आहे, की हा माणूस काम करून आपलं पोट भरण्यास समर्थ आहे. तसं प्रमाणित केल्याशिवाय मुक्ती देता येत नसे. आता हेच ह्यू ऑल्ड बाल्टिमोरच्या गोदीत डग्लस यांना कामाला लावून (जहाजाच्या फळ्यांच्या सांधी बुजवायचं काम) आठवड्याचे कधी नऊ-नऊ डॉलर स्वतः घेत. शनिवारी रात्री पैसे पुढ्यात ठेवायचे आणि त्याने मोजून विचारायचं, 'एवढेच?' तो माणूस पोट भरायला समर्थ आहे की नाही, हे ह्यूइतकं कोणाला ठाऊक असणार.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो. राइटला डग्लस यांनी २२ डिसेंबरला मँचेस्टरहून सविस्तर उत्तर पाठवलं. त्याचा गाभा एका वाक्यात: हे पैसे मालकाची नुकसानभरपाई म्हणून नव्हते, त्याच्या तावडीतून सोडवण्यासाठी होते, माझा स्वातंत्र्याचा नैसर्गिक हक्क सिद्ध करण्यासाठी नव्हते, गुलामीच्या कायद्याचं जोखड उतरवण्यासाठी होते. आपल्या भाषेत याला खंडणी म्हणतात, ताई. वाटेत दरोडेखोराने माणूस धरला आणि घरच्यांनी पैसे मोजून सोडवला, तर घरच्यांनी दरोडेखोराची मालकी कबूल केली असं आपण म्हणतो का?

पुढे तर ते म्हणतात, हा कागद मी लपवणार नाही, जगापुढे धरीन. या सरकारचा लुटारूपणा दाखवायला याहून चांगला पुरावा कोणता? आणि नऊ वर्षांनी पुस्तकात छापून तो शब्द पाळलासुद्धा.

स्कॉटलंडच्या ३,००० पौंडांची तुलना मला पटत नाही. तिथे पैसे घेताना चर्चने गुलाममालकांना ख्रिस्ती बंधू म्हणून जवळ केलं होतं. डग्लस यांचा राग त्यावर होता. एडिनबराच्या रस्त्यारस्त्यांवर, फरसबंदीवर मोठ्या अक्षरांत 'पैसे परत करा' लिहिलं गेलं, तरी चर्चने ते परत केले नाहीत ते नाहीतच. तिथे पैशाच्या बदल्यात मालकांना प्रतिष्ठा मिळाली. ह्यू ऑल्डला पैसे मिळाले, पण प्रतिष्ठा? तुम्हीच सांगा, आज आपण त्याचं नाव कशासाठी घेतोय?

तिसरी_घंटा
बुधवार, रात्री ९:५०

जुना_कारकून, दंडवत! दस्त असा वाचता येतो हे माहीत नव्हतं.

मी हौशी नाटकवाली, त्यामुळे मला डग्लस कागदावर नाही, उभा राहिलेला दिसतो. खारवांच्या 'आपल्यापुरता तोडगा' या शब्दावर थोडं बोलायचंय.

मुळात याला पकडण्याची वेळ का आली? तर हा फार चांगला बोलायचा म्हणून. ऑगस्ट १८४१ मध्ये नॅन्टकेट बेटावरच्या सभेत पहिल्यांदा गोऱ्या श्रोत्यांपुढे उभा राहिला तेव्हा लटपटत होता, नीट शब्द फुटेना. आणि तो बसल्यावर गुलामगिरीविरोधी चळवळीचा पुढारी गॅरिसन याने उठून सभेला विचारलं, आत्ता आपण एखाद्या वस्तूचं ऐकलं, की माणसाचं? तिथून मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्याला वक्ता म्हणून नेमलं.

आणि मग सुरू झाली तालीम! रोज तीच हकिगत सांग. फटके, उपासमार, पलायन. तो चळवळीतल्या गोऱ्या मंडळींना म्हणे, मला आता नुसती हकिगत सांगून पुरत नाही, अन्यायाचा विचार मांडावासा वाटतो. त्यांचं उत्तर, तू घटना सांग, तत्त्वज्ञान आम्ही बघतो. एकाने तर सुचवलं की बोलण्यात थोडी मळ्यावरची बोली राहू दे, फार शिकलेला वाटू नकोस. (प्रत्येक नटाला असा एक दिग्दर्शक भेटतो. असो.)

भीती मात्र खरी ठरली. लोक म्हणू लागले, हा कसला गुलाम! ना बोलीत, ना चालीत, ना मालकाचं नाव सांगतोय, ना गाव. मग त्याने काय केलं? १८४५ मध्ये पहिलं पुस्तक लिहिलं आणि त्यात सगळी नावं घातली. थॉमस ऑल्ड, ह्यू ऑल्ड, कोव्ही, गाव, काउंटी, सगळं. चार महिन्यांत पाच हजार प्रती गेल्या. म्हणजे आपण खरं बोलतोय हे पटवायला, आपल्याला शोधून काढता येईल एवढा पुरावा त्याने स्वतःच्या हाताने छापला! म्हणून तर इंग्लंडला जावं लागलं. जाताना 'केंब्रिया' जहाजावरही केबिन नाकारली, खालच्या वर्गात टाकला. वर प्रवाशांच्या आग्रहाने भाषणाला उभा राहिला तर गुलामगिरीवाले त्याला समुद्रात फेकायला निघाले, शेवटी कप्तानाने त्यांना बेड्या घालायची धमकी दिली.

तिकडच्या मित्रांनी बायकोमुलांना बोलावून इथेच राहा म्हणून सुचवलं होतं. खारवा, बाजूला व्हायचंच असतं तर ते सोपं नव्हतं का? तो कागद घेऊन तो परत गेला. एप्रिल १८४७, पुन्हा तेच जहाज. आणि पुन्हा पैसे भरूनही जेवणाच्या टेबलावर मज्जाव.

नंतर रॉचेस्टरला स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, 'नॉर्थ स्टार'. पण मला सांगायचंय ते ५ जुलै १८५२ बद्दल. रॉचेस्टरचं कॉरिंथियन हॉल, पाच-सहाशे माणसं, बोलावणारी स्त्रियांची गुलामगिरीविरोधी संस्था. स्वातंत्र्यदिनाचं भाषण. सुरुवातीला केवढा नम्र, केवढी स्तुती! तुमचे पूर्वज थोर, तुमचं राष्ट्र तरुण. सर्वनाम बघा हं. तुमचे, तुमचं, तुमच्या. ऐकणाऱ्याला अर्धा वेळ कळतही नसेल की हा सगळ्या वाक्यांत बाहेर उभा आहे. आणि मग: 'हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोक केला पाहिजे.' मी हे आरशासमोर म्हणून बघितलंय. 'माझा नाही' नंतर थांबावंच लागतं.

पण अण्णांना आवडेल तो पुढचा भाग. तो म्हणतो, गुलाम हा माणूस आहे हे मी सिद्ध करू? ते तर तुमचे कायदेच कबूल करतात. व्हर्जिनियात ७२ गुन्हे असे आहेत की ते काळ्या माणसाने केले तर त्याला फाशी, आणि त्यातल्या दोनच गुन्ह्यांना गोऱ्याला ती शिक्षा. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवू नये म्हणून तुम्ही दंड ठेवता. रानातल्या जनावरांबद्दल असे कायदे दाखवा, मग मी गुलामाच्या माणूसपणावर वाद घालीन!

हे वाचताना मला दरवेळी त्याच्या मालकिणीची, सोफिया ऑल्डची, आठवण होते. ती बिचारी त्याला अ-आ-इ शिकवायला बसली होती, आणि ह्यूने तिला झापलं, याला वाचता आलं तर हा गुलाम म्हणून निकामी होईल. आठ-नऊ वर्षांच्या पोराने ते ऐकलं. म्हणजे त्याला पहिला धडा ह्यूनेच दिला! पुढे रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकला, आणि पन्नास सेंट साठवून वक्तृत्वाचं एक पुस्तक घेतलं. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद होता, त्यात गुलाम वादात जिंकतो.

खारवा
गुरुवार, सकाळी ७:१५

चांगलं लिहिलंत. पण माझा प्रश्न तसाच आहे. तीस लाखांचं काय? त्यांच्यासाठी कोणती ॲना रिचर्डसन होती?

जुना_कारकून
गुरुवार, सकाळी १०:०५

नव्हतीच. हे मान्य.

फक्त एक तारीख जोडतो. १८५० साली पळालेल्या गुलामांचा नवा कायदा झाला. पकडलेल्या माणसाला मालकाकडे परत पाठवलं तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला फी १० डॉलर, सोडलं तर ५. हो, असंच लिहिलं होतं. आणि धरलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. १८५४ मध्ये बॉस्टनसारख्या शहरातून अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेऊन व्हर्जिनियाला परत धाडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो लोक बघत उभे होते.

ऑल्डचा कागद नसता तर १८५२ मध्ये डग्लस कॉरिंथियन हॉलमध्ये छापील जाहिरात देऊन उभे राहिले असते का? राहिलेही असते, त्या माणसाचा नेम नाही. पण रॉचेस्टरच्या त्यांच्या घरात पळालेली माणसं येत, रात्रभर राहत, आणि पुढे कॅनडाकडे जात. ज्याच्या स्वतःच्याच मागावर माणसं आहेत, त्याच्या घरात कोणी लपायला येईल का? राइट म्हणत होता त्या 'उदात्त' जागेवर उभं राहून हे करता आलं नसतं.

एक राहिलं. सप्टेंबर १८४८ मध्ये, पळाल्याला दहा वर्षं झाली त्या दिवशी, त्यांनी थॉमस ऑल्डला जाहीर पत्र लिहिलं आणि वर्तमानपत्रात छापलं. ते कागद हातात असल्यावरचं पत्र आहे, हे लक्षात घ्या. मी तुझा वापर गुलामगिरीवर हल्ला करण्याचं हत्यार म्हणून करणार आहे, असं त्यात सरळ सांगितलंय. तुझ्या मुलीला, अमांडाला, कोणी असं उचलून नेलं तर, असा प्रश्न विचारलाय. शेवटी सही करताना: मी तुझा मानवबंधू आहे, तुझा गुलाम नाही.

त्या पत्रात एक चूकही होती. म्हाताऱ्या आजीला ऑल्डने रानात मरायला सोडलं, असा आरोप होता. तो खरा नव्हता, आणि कळल्यावर त्यांनी तसं जाहीर लिहिलं. माझ्या नोकरीत मी चूकदुरुस्तीचे दस्त खूप केले, स्वखुशीने आलेले फार थोडे.

उंबरठा
शनिवार, रात्री १०:४०

सगळ्यांना धन्यवाद. तीन रात्री हा धागाच वाचन म्हणून चालला.

तळटीप मी खरंच ओलांडली होती. काल दोन्ही दस्त वाचले. पहिल्या दस्तातलं ते 'असे तो स्वतःस म्हणवतो' अण्णांना मूळ इंग्रजीत हवं होतं. वाचलं. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. मग स्वतःच दोनदा पुटपुटले.

आज मी जरा पुढची उडी मारली आणि तिसऱ्या आत्मचरित्रातला १८७७ चा प्रसंग शोधून सांगितला. डग्लस तेव्हा वॉशिंग्टनचा मार्शल, म्हणजे बडा सरकारी अधिकारी, थॉमस ऑल्ड अंथरुणाला खिळलेला, हात कापतायत. ऑल्ड त्याला 'मार्शल डग्लस' म्हणतो. डग्लस म्हणतो, मार्शल नाही, पूर्वीसारखं फ्रेडरिकच म्हणा. दोघांनाही रडू येतं. डग्लस विचारतो, मी पळून गेलो तेव्हा तुम्हाला काय वाटलं? ऑल्ड सांगतो, तू गुलाम राहण्यातला नाहीस हे मला ठाऊक होतं, तुझ्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. आणि मग डग्लस स्वतःची जन्मतारीख विचारतो. साठीला आलेला माणूस, अर्ध्या जगात गाजलेला, आणि आपला जन्म कधी झाला हे विचारायला मालकाकडे जातो, कारण ते तिथेच कोणाला तरी ठाऊक असायचं. ऑल्डने फेब्रुवारी १८१८ सांगितलं. हे मराठीत सांगताना माझाच आवाज गेला.

अण्णा म्हणाले, "बघ, पावती मिळाली पण जन्माचा दाखला नाही मिळाला."

खारवा, तुमच्या मुद्द्यावर त्यांचं मत अजून तुमच्याच बाजूने आहे असं त्यांनी सांगायला लावलंय. पण झोपताना म्हणाले, "राइटचं पत्र मी लिहिलं असतं. आणि वर्गणीला पाच रुपयेही दिले असते." मी म्हटलं, पौंड. म्हणाले, "तेच ते."

उद्यापासून रॉचेस्टर. यापुढे तळटीपांसकट.